आतला हात

बेळगाव, रविवार, रात्र

दिवाळी अंकातील एका कथेसाठी काढलेले माझे चित्र आज दुसऱ्यांदा परत आले. संपादकांनी सोबत एवढेच कळवले की चित्र देखणे आहे, रेषा स्वच्छ आहे, पण कथेतली कुंभारीण काम करताना दिसत नाही, कामाला बसल्याचा आविर्भाव करताना दिसते. सकाळी हे वाचून वाईट वाटले. दुपारी दोन्ही चित्रे भिंतीला लावून लांबून पाहिली, तेव्हा त्यांचे म्हणणे शब्दशः खरे असल्याचे पटले.

चित्रकलेच्या कोर्सचे हे दुसरे वर्ष संपत आले आहे आणि या काळात हाताला काय साधले, हेही आज प्रामाणिकपणे लिहून ठेवावेसे वाटते. पहिल्या वर्षी माझ्या शाईच्या रेषेला कंप होता; आता निब टेकवल्यावर रेषा कुठे जाड व्हावी आणि कुठे विरत जावी, हे हात स्वतःच ठरवतो. किल्ल्यातल्या कमलबस्तीत मी मागच्या हिवाळ्यात लागोपाठ अनेक रविवार बसले. १२०४ साली बांधलेल्या त्या जैन मंदिराच्या छताला कोरलेले दगडी कमळ मान वर करून पाहताना पाकळ्यांचा आकार कडेकडे कसा आखडत जातो, हे पुस्तकातल्या परस्पेक्टिव्हच्या आकृतीपेक्षा मला तिथे जास्त नीट समजले. काळ्या दगडाच्या गुळगुळीत खांबांवर उजेडाची एकच उभी चीर असते आणि तिच्या दोन्ही बाजूंनी अंधार हळूहळू दाटतो. ती चीर कोरी सोडण्याचा धीर मला तिथेच आला.

छपाईचेही थोडे कळू लागले आहे. मोठ्या आकारात काढलेले चित्र पानावर निम्मे होते, तेव्हा जवळजवळ ओढलेल्या रेषा एकमेकींत मिसळून शाईचा डाग होतो. म्हणून आता मी छायेच्या रेषांत मुद्दाम अंतर ठेवते आणि निव्वळ रेषांचे काम ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके या बारकाईने, स्कॅन करते. कथेच्या शीर्षकाची अक्षरेही मी स्वतः लिहिते. लहानपणापासून दुकानांच्या पाट्यांवर कन्नड आणि मराठी शेजारी शेजारी वाचत आल्यामुळे एका लिपीची गोलाई आणि दुसरीची शिरोरेषा डोळ्यांत बसलेली आहे, आणि त्याचा मला फायदा झाला, असे मी समजते.

उणीव आहे ती माणसात. अधिक नेमके सांगायचे तर, श्रम करणाऱ्या माणसात. माझी माणसे उभी असतात, बसलेली असतात, बोलतात. पण त्यांच्या हातातल्या वस्तूला वजन नसते. कारण मला माहीत आहे आणि ते लिहायला संकोच वाटतो: पहिले चित्र मी मोबाईलवरच्या फोटोंवरून काढले होते. फोटोत बोटे दिसतात, बोटांवर आलेला जोर दिसत नाही.

म्हणून गुरुवारी खानापूरला गेले. मलप्रभेच्या काठच्या या गावात मातीचे काम जुने आहे. ग्रामीण कुंभारकामाचे शिक्षण देणारी केंद्रीय संस्थाही तिथे आहे. ओळखीतून एका घरी गेले आणि अंगणात मडकी थापटणाऱ्या आजींसमोर दोन तास बसले. चाकावरून उतरलेले मडके जाड असते, त्याचे पोट अजून फुगायचे असते. आजी डाव्या हातात दगडी गोळा धरून तो हात मडक्याच्या आत घालतात आणि उजव्या हातातल्या लाकडी थापटण्याने बाहेरून ठोकतात. प्रत्येक ठोक्याच्या नेमक्या समोर आतला गोळा असावा लागतो. तो अर्धे बोट जरी सरकला तरी माती फाटते. मडके मांडीवर फिरत राहते आणि भिंत पातळ होत जाते.

मी उजवा हात काढत होते, कारण तो दिसत होता. आजींनी वही मागितली, थोडा वेळ पाहिली आणि म्हणाल्या, ‘‘आतला हात दमतोय गे पोरी, बाहेरचा न्हवं.’’

परतीच्या बसमध्ये मी तेवढ्याचाच विचार करत होते. दमणारा हात मडक्यात आहे, चित्रात तो दिसणारच नाही. मग तो काढायचा कुठे? त्याचे उत्तर वहीतल्याच एका घाईच्या रेखाटनात सापडले. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आणि पुढे आला आहे, मान त्याच बाजूला कलली आहे, कोपर बरगडीला टेकले आहे. माझ्या दोन्ही परत आलेल्या चित्रांत मात्र खांदे समपातळीत आहेत आणि सारा तपशील बांगड्यांत, लुगड्याच्या काठात आणि थापटण्याच्या लाकडात आहे.

सर वर्गात बेळगावचे चित्रकार आणि कलाशिक्षक के. बी. कुलकर्णी यांच्याविषयी आवर्जून बोलतात. १९३५ साली इथेच जन्मलेले रवी परांजपे त्यांच्याकडे शिकले आणि पुढे बोधचित्रकार, म्हणजे मजकुरासाठी चित्रे काढणारे चित्रकार, म्हणून त्यांनी देशाबाहेरही नाव मिळवले. परांजपे यांच्या छापील चित्रांत मी आजवर रंगसंगती आणि नक्षीच पाहत आले. आज रात्री माणसांचे खांदे आणि कंबरा पाहिल्या. नक्षी कितीही दाट असली तरी तिच्याखालचे शरीर डळमळत नाही. हे मला आधीच दिसायला हवे होते.

पुढच्या तीन महिन्यांसाठी रोज सकाळी वीस जलद रेखाटने करायची, प्रत्येकाला एक मिनिट, आणि तीही काम करणाऱ्या माणसांची: वडगावात मागावर बसलेले विणकर, गणपत गल्लीत टोपल्या उतरवणाऱ्या भाजीवाल्या, घरी पीठ मळणारी आई. चेहरा आणि कपडे काढायचे नाहीत. मला चेहरे काढायला फार आवडतात, त्यामुळे हे जड जाईल.

तिसऱ्या चित्राचे पेन्सिलकाम रात्री साडेदहाला झाले. आता पुन्हा पाहते आहे. डाव्या खांद्यावर मी पदराच्या तीन घड्या घातल्या आहेत, आणि त्या खांद्याचा उतार नीट जमला नाही म्हणून घातल्या आहेत. उद्या सकाळी शाई लावण्याआधी त्या घड्या खोडून आधी खांदा काढेन.