रिलीव्हिंग लेटर आणि गोळ्यांची पट्टी

आरोग्य विम्याच्या धंद्यात लोकांना आमची आठवण दोनच वेळा होते. रिन्यूअलच्या आदल्या रात्री, नाहीतर पेशंट ॲडमिट झाल्यावर. हे गृहस्थ मात्र नोकरीचा शेवटचा दिवस उजाडायच्या आत आले, तेही बायकोला सोबत घेऊन.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ते क्वालिटीला होते. ऑर्डरी आटल्या, माणसं कमी करायची ठरली, यादीत यांचं नाव आलं. पगार 21 हजारांच्या वर, म्हणून ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, नव्हतं. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम होता. राजारामपुरीतल्या माझ्या ऑफिसात बसल्या बसल्या त्यांनी दोन कागद पुढे केले. एक रिलीव्हिंग लेटर, दुसरं कुठल्याशा एजंटानं दिलेलं कोटेशन.

‘‘तशी घाई काय नाही सर. एचआर म्हणतंय, वर्षाचा हप्ता भरलाय, मार्चपर्यंत मेडिक्लेम चालू राहणार.’’

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं उठतं. ग्रुप पॉलिसी कंपनीच्या नावावर असते. माणूस सुटला की एचआर विमा कंपनीला नाव कमी करायला कळवतं, आणि क्लेम झालेला नसेल तर उरलेल्या दिवसांचा हप्ता बहुतेक वेळा मालकाला परत मिळतो. मार्चपर्यंत पॉलिसी चालते ती कामावर राहिलेल्यांची. मी त्यांना तिथंच बसून ईमेल करायला लावला. चहा संपायच्या आत उत्तर आलं: कव्हर रिलीव्हिंगच्या तारखेपर्यंतच. ती तारीख त्याच आठवड्यात होती.

मग कोटेशन उघडलं. दहा लाखांचं कव्हर, हप्ता खरोखर कमी. पण दुसऱ्याच कंपनीची कोरी पॉलिसी, आणि आधीच्या आजारांच्या रकान्यात सगळ्यांपुढे ‘नाही’. मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. मेटफॉर्मिन, मधुमेहाची गोळी, निम्मी संपलेली.

‘‘रोज घेते की मी ही. पण ते एजंट म्हणाले, लिहिलं तर हप्ता वाढतोय.’’

वाढतो, कधी कधी. पण दवाखान्यात डॉक्टर केसपेपरवर पहिल्याच ओळीत ‘नोन केस ऑफ डायबेटिस’ लिहितो, आणि क्लेम तपासणारा तीच ओळ शोधत असतो. लपवलं असं ठरलं की क्लेम जातोच, वर पॉलिसीही रद्द होऊ शकते. कमिशनसाठी असा फॉर्म भरणाऱ्याला काय म्हणावं ते कोल्हापुरी भाषेत माहीत आहे, पण इथं लिहीत नाही.

शिवाय कोरी पॉलिसी म्हणजे सगळं पहिल्यापासून. अपघात सोडला तर पहिले 30 दिवस काही नाही. आधीच्या आजाराला 36 महिन्यांपर्यंत थांबावं लागतं. 1 एप्रिल 2024 च्या आधी तर ही मर्यादा 48 महिन्यांची होती. यांची ग्रुपमध्ये सहा वर्षं झालेली. ती वाया कशाला घालवायची? त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशन, म्हणजे बदली, मागितलं की थांबण्याचा भोगलेला काळ, म्हणजे वेटिंग पिरियड, जमेस धरतात. मात्र जुन्या रकमेपुरताच. त्यांचं कव्हर तीन लाखांचं होतं आणि आम्ही मागितलं पाच लाखांचं, म्हणजे वरच्या दोन लाखांना नव्यानं थांबणं आलंच.

घोडं अडलं कागदांवर. फाउंड्रीनं मधे विमा कंपनी बदलली होती, त्यामुळे जुन्या कंपनीची सर्टिफिकेटंही लागणार होती. एचआरमधल्या मॅडमनी जुने मेल उपसून ती काढून दिली. अर्ज शेवटच्या दिवसाच्या आत गेला, मधुमेह लिहून, एचबीएवनसी या साखरेच्या तपासणीच्या रिपोर्टसकट.

त्यांच्या आईंना मी फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या घराच्या एकत्र पॉलिसीत, घेतलंच नाही. त्या त्र्याहत्तर वर्षांच्या, आणि फ्लोटरचा हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या वयावर ठरतो. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचं. आधार आणि ओटीपीवर काम होतं. ‘‘आमचं पांढरं रेशनकार्ड, आम्हाला कुठली सरकारी योजना?’’ असं ते म्हणत होते. पण राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेत आता पांढरं कार्डही चालतं. उपचार आणि रुग्णालय दोन्ही योजनेच्या यादीतलं हवं, एवढंच. म्हणून तर वर स्वतःची पॉलिसी.

मंजुरी आली, साखरेमुळे हप्ता थोडा चढवून. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेलाय, त्यात तो चढ बऱ्यापैकी मुरला. ग्रॅच्युइटीच्या पैशातून त्यांनी वर्षाचा हप्ता एकरकमी भरला.

पुढं त्याच यादीतले त्यांचे एक सहकारी आले, नोकरी सुटून बराच काळ लोटल्यावर. त्यांनाही कुणीतरी ‘मार्चपर्यंत’ सांगितलेलं. कव्हर कधीच संपलेलं, म्हणून विमा कंपनीनं मायग्रेशन नाकारलं. त्यांची नवी पॉलिसी काढली, बीपी आणि गुडघा दोन्ही लिहून, 36 महिन्यांच्या वेटिंगसह.