पुडीनं काय होतंय?

"सिस्टर, पुडीनं काय होतंय ओ? सलाईन लावू द्या की."

सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात मी नोकरी केली, तिथं हा प्रश्न रोज ऐकला. पुडी म्हणजे ओआरएसची, जुलाबात पाण्यात कालवून पाजायची मीठ-साखरेची पुडी. आता निवृत्त होऊन साखर पेठेतल्या आमच्या बोळात राहते, तर तो घरी येऊन विचारतात. सोलापुरात चार-पाच दिवसांनी पाणी येतं, पिंपात आणि हंड्यात साठवून ठेवावं लागतं. उन्हाळा सरता सरता त्या पाण्याचं काही खरं नसतं, आणि मग कुणाच्या ना कुणाच्या पोराला जुलाब लागतात. पुडीनं जुलाब तर थांबत नाहीत, असं म्हणत तुम्ही विचारलंत, म्हणून आज नीट बसून सांगते. दारात उभ्या उभ्या सांगितलं की अर्धंच पोचतं.

मी मूळची मंगळवेढा तालुक्यातली. १९७२च्या दुष्काळात आई-अण्णा पाझर तलावाच्या कामावर जायचे. मी आठ वर्षांची, धाकटा भाऊ दीड वर्षाचा. कामावर सुकडी मिळायची, पाणी मात्र उकरलेल्या झऱ्यातलं, गढूळ. त्याला जुलाब लागले. आजी म्हणाली, "पाणी दाखवू नका, जेवढं पाजाल तेवढं खाली जाईल." सगळ्या गावाची तीच समजूत होती, आजीचा दोष नव्हता. आईनं मरीआईला नवस बोलला. भाऊ तांब्याकडे बघून हात पुढे करायचा आणि मी तांब्या उचलून आत नेऊन ठेवायची, कारण मला तसं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे खोल गेले. पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहिली. रात्री तो गेला.

पुढे नर्सिंगला आले तेव्हा ती कातडीची खूण पुस्तकात सापडली. तिच्याखाली उपायही लिहिला होता, आणि तो १९७२च्या आधीचा होता. तेव्हापासून ही पुडी कुठून आली याचा शोध मी घेत आले.

आधी ती काम कशी करते ते सांगते. पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं, माणूस मरतो तो आतडं सडून मरतो, असं पूर्वी अनेकांना वाटायचं. कोलकात्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी सशांच्या आतड्यांवर प्रयोग करून १९५९ मध्ये दाखवून दिलं की जंतू एक विष सोडतात आणि त्या विषामुळे आतड्यातून पाणी वाहायला लागतं. आतडं शाबूत असतं. पुढच्याच वर्षी रॉबर्ट क्रेन यांनी दुसरा दुवा मांडला : आतड्याच्या अस्तरातून साखर आणि मीठ जोडीनं आत जातात. ही जोडी जुलाबातही तुटत नाही. म्हणून नुसतं मीठ-पाणी दिलं तर ते वाहून जातं, पण त्यात योग्य मापाचं ग्लुकोज घातलं की मीठ आत ओढलं जातं आणि त्याच्यामागून पाणी जातं. पुडीनं जुलाब लगेच थांबत नाहीत, हे तुमचं म्हणणं खरंच आहे. ते थांबायला आपला वेळ घेतात. तोवर शरीर कोरडं पडू द्यायचं नाही, एवढंच पुडीचं काम, आणि जीव जातो तो कोरडं पडल्यामुळेच.

१९६८ मध्ये ढाक्याच्या कॉलरा प्रयोगशाळेत डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी रुग्णांना हे पाणी तोंडानं पाजून दाखवलं. तरी डॉक्टरमंडळी बिचकत होती. मग १९७१ आलं. बांगलादेशातून लाखो निर्वासित बंगालमध्ये आले, छावण्यांत पटकी पसरली. बनगावच्या दवाखान्यात डॉ. दिलीप महालनबीस होते. जमिनीवर माणसं पडलेली, चालायला वाट नाही, सलाईनच्या बाटल्या संपलेल्या. त्यांनी ग्लुकोज, खायचं मीठ आणि खायचा सोडा मापून पिशव्या भरल्या, पाण्यात कालवून पिंपात ठेवल्या आणि नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. तिथं शंभरातले तीसेक रुग्ण दगावत होते, तो आकडा चारच्याही खाली आला. आणि पाजणारे कोण? आया, बहिणी, शेजारी. हे वाचलं तेव्हा मी तांब्या आत नेऊन ठेवत होते ते आठवलं. एका वर्षाचं अंतर होतं.

आता ज्या गोष्टीकडे कुणाचं लक्ष जात नाही ती. हे शोध कुणाच्या पैशातून लागले? ढाक्याच्या त्या प्रयोगशाळेला आणि महालनबीस काम करत त्या कोलकात्याच्या केंद्राला मोठा पैसा अमेरिकन सरकारच्या आरोग्य खात्याकडून येत होता. म्हणजे कुठल्या तरी दूरच्या गावातल्या माणसानं भरलेला कर. या मिश्रणाचं पेटंट कुणी घेतलं नाही. पुडीला मालक नाही, म्हणून ती आशाताई घरी आणून फुकट देते. आणि मालक नाही म्हणूनच तिची जाहिरात करायला कुणी पुढे येत नाही. फुकटची वस्तू हलकी वाटते, सुई टोचली की इलाज झाल्यासारखा वाटतो. मालक नसलेल्या या नावाचा फायदा मात्र पुष्कळांनी घेतला. भरपूर साखरेची पेयं ओआरएस नावानं मेडिकलमध्ये मिळत होती, आणि जुलाबात जास्तीची साखर आतड्यात उलट पाणी ओढते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष वर्षानुवर्षं भांडल्या, तेव्हा कुठे २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ते नाव काढायला लावलं. घेताना अजूनही पुडीवरचं वाचा, जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असं लिहिलेलंच घ्या.

संशोधन तिथं थांबलं नाही. जुनी पुडी जरा खारट होती. अनेक देशांत चाचण्या करून मीठ आणि ग्लुकोज दोन्ही कमी केली, तर सलाईनची गरज आणखी तिसऱ्या हिश्शानं घटली. २००४ पासून सोबत झिंकच्या गोळ्या आल्या, त्यात दिल्लीच्या एम्समधल्या अभ्यासाचा मोठा वाटा. लहान मुलांना जुलाब लावणाऱ्या रोटाव्हायरस या विषाणूवरचे थेंबही तसेच. १९८५-८६ मध्ये एम्समध्ये जन्मलेल्या काही बाळांच्या शौचात हा विषाणू सापडला, पण बाळं आजारी नव्हती. डॉ. महाराज किशन भान यांनी ते धरून ठेवलं आणि त्या विषाणूपासून लस करायला घेतली. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग मागे उभा राहिला. शेवटची चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळच्या वढूला झाली, जवळजवळ ६,८०० बाळांवर. त्या बाळांच्या आयांचे आभार कुणी मानले की नाही कोण जाणे, मी मानते. २०१६ मध्ये ती लस सरकारी लसीकरणात आली, २०१९ मध्ये महाराष्ट्रातही रोटाव्हायरसचे थेंब सुरू झाले. निम्मेच गंभीर आजार टळतात, असं म्हणून कुणी नाक मुरडतं. मी वॉर्ड बघितलाय. निम्मे म्हणजे किती पोरं, ते मला दिसतं.

सलाईन कधीच नको असं मी म्हणत नाही. पोर मलूल पडलंय, पीत नाही, पिलेलं सगळं उलटतंय, आठ तास लघवी नाही, शौचात रक्त आहे, तर माझ्याकडे येऊ नका, थेट दवाखाना गाठा. बाकी वेळी पुडी. पण मापात. एक लिटरची पुडी अख्खी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. "कडक करून देते, लवकर गुण येईल" म्हणून पेल्याभर पाण्यात कालवलेली मी पाहिली आहे, तेवढं मीठ पोराला सोसत नाही. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. अंगावरचं दूध चालू ठेवा.

आई एकदा मला भेटायला वॉर्डात आली होती. खाटेवर एक पोर चमच्यानं पाणी पीत होतं. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "तवा पाजलं असतं तर?" मी म्हणाले, "तेव्हा आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं." तिनं पुन्हा तो विषय काढला नाही.

गेल्या जूनमध्ये शेजारच्या पद्मशाली घरातली सून रात्री दहाला आली. कडेवर दहा महिन्यांचा मुलगा, मान टाकलेला नव्हता पण ओठ कोरडे. "अक्का, सलाईन..." म्हणाली. मी लिटरची बाटली धुऊन मोजून पाणी घेतलं, पुडी फोडली. एक चमचा पाजला, तो उलटला. दहा मिनिटं थांबलो. पुन्हा चमचा, मग दोन-तीन मिनिटांनी एक, सावकाश. ती पाजायची, मी घड्याळ बघायची. एक वाजता तिची सासू आली, तिनं चमचा हातात घेतला. पहाटे साडेचारला पोरानं माझी चादर भिजवली.