कोल्हापूर ते पुणे: लेकीच्या तापणाऱ्या वॅगन आरसाठी चार दिवस

नोव्हेंबर २०२२, शनिवार. मध्यवर्ती बसस्थानकावरून सकाळची स्वारगेट गाडी धरली. कपड्यांची पिशवी वर टाकली, पान्यांची मांडीवर घेतली.

लेक तेव्हा पुण्यात आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला होती. थर्माकोलची मॉडेलं रिक्षातून नेताना मोडायची, म्हणून तिला २००९ ची जुनी वॅगन आर घेऊन दिली, ९५ हजारांना. पहिले दोन महिने फोनवर "गाडी मस्त आहे पप्पा" एवढंच. मग एकदा बोलताना मागनं तिच्या मैत्रिणीचा आवाज आला, "अगं, बाटली भरून घेतलीस का? परत तापली तर?" एसटीच्या डेपोत ३१ वर्षं मेकॅनिक म्हणून काढली आहेत. पाण्याची बाटली घेऊन फिरायची गाडी म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको.

पोचल्यावर विचारलं, आधी का सांगितलं नाहीस? म्हणाली, "तुम्ही म्हणाला असता, विकून टाक." खरंच म्हणालो असतो.

माझ्यासारखे जे कुणी जाणार असतील त्यांनी अवजारं घरूनच न्यावीत. मारुतीच्या जुन्या गाड्यांना १०, १२ आणि १४ नंबरचे पाने मिळून बरंचसं काम होतं. सोबत पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, हातभर वायरचे दोन तुकडे, विजेरी आणि जुनी चादर. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आणि डिस्टिल्ड वॉटर तिथेच घ्या, ओझं कशाला. आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना आदल्या दिवशी विचारून ठेवा. मी विचारलं नव्हतं. रविवारी बॉनेट उघडल्या उघडल्या वॉचमन आला आणि परवानगी मिळेपर्यंत तास गेला.

आता दुखणं. गाडी हायवेला ठीक, सिग्नलला तापायची. वेगात असताना रेडिएटरला, म्हणजे इंजिनचं पाणी थंड करणाऱ्या पुढच्या जाळीला, समोरून वारा मिळतो, उभ्या गाडीला फक्त पंख्याचा आधार. म्हणजे संशय आधी पंख्यावर. त्याआधी डिपस्टिक (ऑइल बघायची पट्टी) काढून इंजिन ऑइल पाहिलं. ते दुधाळ, चहासारखं असतं तर पाणी आत गेलं, हेड गास्केटचं, म्हणजे इंजिनच्या डोक्याखालच्या पॅकिंगचं, मोठं काम निघालं असतं. काळं होतं, पण स्वच्छ काळं. जीव भांड्यात पडला.

इंजिन चालू ठेवून बसलो. काटा अर्ध्याच्या वर गेला तरी पंखा गप्प. गाडी बंद केली, पंख्याचा सॉकेट काढून बॅटरीवरून दोन वायरींनी सरळ करंट दिला. तरी गप्प. स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातात दिला आणि सांगितलं, हात पात्यांपासून लांब ठेव आणि मुठीच्या बाजूने मोटरच्या पाठीवर हळू ठोक. तिने दोनदा ठोकलं. तिसऱ्या ठोक्याला पंखा कण्हल्यासारखा आवाज करून फिरायला लागला. "पप्पा, चालू झाला!" झाला, पण ती दुरुस्ती नव्हे. ठोकल्यावर फिरतो म्हणजे मोटरला आतून वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजले. मोटर बदलायची.

रविवारी दुपारी नाना पेठेत गेलो तर दुकानांची शटरं खाली. दिवस फुकट गेला. स्पेअर पार्टसाठी पुण्यात नाना पेठच, पण सोमवारी सकाळी जा आणि जुना पार्ट काढून सोबत न्या. तोंडी वर्णनावर आणलेली वस्तू बसेलच असं नाही. मोटर १,६५० रुपयांना मिळाली. रेडिएटरच्या झाकणाचं रबर कडक झालं होतं, म्हणून झाकणही नवं घेतलं. झाकणावर दाबाचा आकडा असतो, तोच जुळवून घ्यायचा.

सोमवारी रेडिएटर रिकामा केला तर बादलीत गंजाचं तांबडं पाणी. कुणीतरी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घालत आलं होतं. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप. त्याचं घर उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नाही. गाडी तापली की तो काढून फेकायचा, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे आणि मला त्याची चीड आहे. त्याने इंजिन वेळेवर गरम होत नाही, पेट्रोल जास्त जातं, आणि खरा दोष झाकला जातो.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी पारखून घेतला. टाकायला काढलेल्या एका पातेल्यात पाणी तापत ठेवलं आणि दोऱ्याला बांधून तो आत सोडला. लेक ओट्याला टेकून वाकून बघत होती. तळाशी बुडबुडे दिसू लागले, आणि पाणी उकळायच्या आधीच मधली पितळी चकती केसभर उचलली, मग पूर्ण उघडली. "एवढ्याशा वस्तूवर सगळं?" म्हणाली. सगळं.

बसवताना ती म्हणाली, "मला करू द्या ना." माझा हात दोनदा पुढे गेला. वीस मिनिटांच्या कामाला सव्वा तास लागला. तो तास द्या. रात्री अकराला गाडी बंद पडेल तेव्हा तुम्ही सव्वादोनशे किलोमीटरवर असणार आहात.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. झाकण उघडं ठेवून, हीटर पूर्ण गरमवर करून, थंड इंजिन चालू करायचं; हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं ओतत राहायचं. तापलेल्या गाडीचं झाकण मात्र कधीही उघडायचं नाही, तोंड भाजतं. सांडलेलं कूलंट लगेच पुसा. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. पार्किंगमध्ये एक कुत्री पिलं घेऊन होती, म्हणून ती जागा मी दोनदा धुतली.

मंगळवारी जुन्या कात्रज घाटातून वर जाऊन आलो. खरी परीक्षा कात्रज चौकात झाली, पंचवीस मिनिटं गाडी जागची हलली नाही. काटा निम्म्यावर आला, पंखा सुरू झाला, काटा खाली. आम्ही दोघंही काच खाली करून तो आवाज ऐकत बसलो होतो.

टायमिंग बेल्ट आणि ब्रेकला मी हात लावला नाही, ते गॅरेजला दिलं. टायरवर चार आकडे असतात, ते बघा: आमच्या मागच्या एकावर १११४, म्हणजे २०१४ सालच्या अकराव्या आठवड्यात बनलेला. नक्षी चांगली होती, तरी काढला. कागदही तपासा. मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) तिच्या नावावर झाली होती, पण विमा जुन्या मालकाच्याच नावावर राहिला होता. मालकी बदलल्यापासून १४ दिवसांच्या आत तो बदलून घ्यायला अर्ज करायचा असतो. अपघात झाला असता तर काय, या विचाराने मला रात्री झोप लागली नाही. बुधवारी सकाळी आधी तेच काम केलं.

दुपारी तिने स्वारगेटला सोडलं. आता दर रविवारी, इंजिन गार असताना, ती कूलंटच्या टाकीचा फोटो पाठवते. गेल्या रविवारी पाणी रेघेच्या बोटभर खाली होतं. रेडिएटरच्या खालच्या होज पाइपची क्लिप बघायला सांगितली आहे. पाइप मी इथून घेऊन जाईन, बसवणार ती.