जुन्या ओबीएमला (होडीच्या आउटबोर्ड मोटरला) ऑईल कोणतं आणि किती

दुकानात नुसतं "टू-टी द्या" म्हटलं की हातात पडतं ते स्कूटरचं ऑईल. होडीच्या जुन्या टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावं लागतं अशा इंजिनाची बरीचशी दुखणी इथूनच सुरू होतात. डब्यावर शोधायची अक्षरं वेगळी आहेत: टीसी-डब्ल्यू३. अमेरिकेतल्या एनएमएमए या संस्थेचं हे प्रमाणपत्र. त्यातला डब्ल्यू म्हणजे पाण्याने थंड होणारं इंजिन. प्रमाणित डब्यावर 'आरएल'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही असतो, तो बघून घ्या. ऑईल निळं आहे की हिरवं, याला काही अर्थ नाही. तो नुसता रंग.

स्कूटरचं चांगलं ऑईल, अगदी जासो एफडी (जपानी दर्जाची खूण) लिहिलेलं महागडं असलं, तरी का चालत नाही? स्कूटरचं इंजिन हवेवर थंड होतं, म्हणजे खूप तापतं. त्या तापमानाला कार्बन साफ ठेवायला त्यात कॅल्शियमसारख्या धातूंची द्रव्यं घालतात आणि ती जळली की राख उरते. आउटबोर्डचं सिलिंडर समुद्राच्या पाण्याने सतत थंड होत असतं, शिवाय इंजिन तासन्‌तास एकाच थ्रॉटलवर ओढत असतं. तिथे ही राख पिस्टनच्या माथ्यावर आणि प्लगच्या टोकावर बसते. राखेचा थर तापून लाल झाला की ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. टीसी-डब्ल्यू३ मध्ये राख न होणारी द्रव्यं असतात, आणि गंजरोधक गुणही तपासलेला असतो. उलट प्रयोगही नको: हे ऑईल स्कूटरला घालू नका. आणि फोर-स्ट्रोकचं २०डब्ल्यू-४० तर ओबीएमच्या टाकीच्या आसपासही नको.

आता प्रमाण. ते ऑईलच्या डब्यावरून नाही, इंजिनावरून ठरतं. क्रँक आणि कनेक्टिंग रॉडला नीडल बेअरिंग (बारीक रोलरचं बेअरिंग) असेल तर कमी ऑईल पुरतं. पितळी-ब्राँझच्या साध्या बुशना जास्त लागतं. म्हणून जुन्या ब्रिटिश सीगल इंजिनांना १०:१, म्हणजे दहा भाग पेट्रोलला एक भाग ऑईल, सांगितलेलं असतं. जॉन्सन-एव्हिनरूडची १९६४ पूर्वीची बहुतेक इंजिनं २४:१ वर, त्यानंतरची बहुतेक ५०:१ वर. १९८०च्या दशकात त्यांच्या काही मॉडेलना १००:१ सांगितलं गेलं, पुढे तेही मागे घेऊन ५०:१ वर आले. तेव्हा जुन्या स्टिकरवर १००:१ दिसलं तरी ५०:१ च धरा. आजचं ऑईल चांगलं आहे म्हणून सीगलला ५०:१ द्यायचं हा शहाणपणा बुशच्या जिवावर बेततो.

हिशेब सोपा आहे. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, २५:१ म्हणजे ४० मिली, १०:१ म्हणजे १०० मिली. २४ लिटरच्या टाकीला ५०:१ ने ४८० मिली. रिंगा, पिस्टन नवे टाकले असतील तर पहिले दहा तास २५:१ वर चालवा, फुल थ्रॉटल टाळा. आणि "थोडं जास्त घातलं तर बरंच" असं नाही: ऑईल वाढलं की कार्बोरेटरच्या जेटमधून तेवढंच पेट्रोल कमी जातं, मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), वर प्लग ओला होतो आणि रिंगा चिकटतात.

टाकी होडीत ठेवून भरू नका, जमिनीवर उतरवा. आधी मोजलेलं ऑईल, मग पाव टाकी पेट्रोल, झाकण लावून हलवा, मग उरलेलं पेट्रोल. मोजायला औषधाचा मापाचा कप किंवा मोठी सिरिंज घ्या. बाटलीचं झाकण हे माप नव्हे.

हल्ली खरी भानगड ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची आहे. इथेनॉल पाणी धरतं. टाकीच्या व्हेंटमधून (हवेच्या छिद्रातून), उघड्या झाकणातून पाणी शिरत राहिलं की एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून तळाशी बसतात. ऑईल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. इंधनाची नळी उचलते ती तळातून. म्हणजे इंजिनात जातं ते बिनऑईलचं पाणी. इंजिन सहसा बंदच पडतं, पण पडेपर्यंत बेअरिंग कोरडी फिरतात. यावर ऑईल वाढवणं हा इलाज नाही. दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच मिश्रण करा. शंका आली तर तळातलं थोडं काचेच्या बरणीत काढून तासभर ठेवा. आडवी रेघ दिसली की ते इंजिनात घालू नका. जुन्या होजा आणि प्रायमर बल्ब (इंधनाच्या नळीवरचा दाबायचा रबरी फुगा) ई२० मध्ये फुगतात, मऊ पडतात, ते बदलून घ्या.

चाललंय कसं हे प्लग सांगतो. फिकट तपकिरी म्हणजे ठीक. काळा-ओला म्हणजे ऑईल जास्त किंवा इंजिन फार हळू फिरतंय. पांढराफटक म्हणजे मिश्रण पातळ किंवा पाण्याचा पंप गेलाय. चकचकीत धातूचे कण दिसले तर लगेच थांबा, पिस्टन वितळायला लागलाय.

गिअरकेसमध्ये (खाली पंख्याजवळच्या गिअरच्या पेटीत) मात्र टीसी-डब्ल्यू३ नाही, गिअर ऑईलच. ते दुधाळ निघालं तर सील गळतंय.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्याआधी इंजिन गोड्या पाण्यावर चालवा आणि कार्बोरेटर कोरडा होऊन बंद पडू द्या. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पाच ते दहा मिली टीसी-डब्ल्यू३ सोडा, प्लगच्या वायरी अर्थला लावून दोरी तीन-चारदा हळू ओढा आणि प्लग पुन्हा बसवा. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा चालू करताना धूर येईल, दोन मिनिटांत जातो.