कर्टल: ‘क’चा ‘च’ का झाला नाही, ते सापडलं

अडलेला ‘क’ अखेर सुटला! कर्टल (kirtle) म्हणजे जुन्या काळच्या एका अंगरख्याचं इंग्रजी नाव; त्याचं मूळ मी शोधतोय.

लॅटिन ‘कुर्तुस’ म्हणजे आखूड, त्याला जर्मानिक (इंग्रजी-जर्मनच्या भाषाकुळातला) प्रत्यय लागून जुन्या इंग्रजीत ‘क्युर्तेल’, नॉर्समध्ये, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेत, ‘क्युर्तिल्ल’. इथवर गेल्या नोंदीत जमलं होतं. घोडं अडलं ते उच्चारावर. जुन्या इंग्रजीत इ-ए सारख्या स्वरांआधीचा ‘क’ मऊ होऊन ‘च’ होतो. ‘कासेउस’चं चीज झालं, ‘किल्ड’चं चाइल्ड. मग आपण ‘चर्टल’ का म्हणत नाही? एवढ्यासाठी लॅटिन मूळच सोडून द्यावं, इथपर्यंत मी आलो होतो.

उत्तर बदलांच्या क्रमात आहे. ‘क’चा ‘च’ होण्याची लाट आधी येऊन गेली. तेव्हा शब्द ‘कुर्तिल’सारखा होता आणि ‘क’पुढे ‘उ’ होता, म्हणून तो वाचला. त्यानंतर दुसऱ्या अक्षरातल्या ‘इ’ने आधीच्या ‘उ’ला स्वतःकडे ओढलं आणि ‘यु’सारखा स्वर आला. ‘कुनिंग’चं ‘क्युनिंग’ आणि पुढे किंग झालं ते असंच. पण खरा आनंद दिला तो किचनने. बोली लॅटिनमधल्या ‘कोकिना’पासून आलेल्या या शब्दात दोन्ही निकाल शेजारी शेजारी दिसतात: पहिला ‘क’ तसाच, ‘इ’आधीचा दुसरा ‘च’! याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही.

हे सगळं बॉसवर्थ-टोलर या जुन्या इंग्रजीच्या कोशावर झालं. फुकट आहे आणि मूळ उतारे देतो, त्यामुळे सुरुवात तिथूनच करा. मध्ययुगीन इंग्रजीसाठी मिशिगन विद्यापीठाचा कोशही फुकट आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचे पैसे त्यानंतर भरावेत.

त्याच उताऱ्यांत ओहथेरे भेटला. नवव्या शतकाच्या अखेरीस या नॉर्वेजियन दर्यावर्दीने इंग्लंडातल्या आल्फ्रेड राजाला उत्तरेची हकिकत सांगितली. तिथले सामी लोक त्याला देत असलेल्या करात पिसं, जहाजाचे दोर आणि अस्वलाच्या किंवा पाणमांजराच्या कातड्याचा ‘क्युर्तेल’ आहे. म्हणजे कापड कोणतंही असो, नाव त्या अंगरख्याचं. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या कथेतला अ‍ॅब्सोलोन हा पुरुषही फिकट निळा कर्टल घालतो. पुढे तो बायकांचा लांब झगा झाला, आणि शेक्सपिअरच्या काळातला ‘अर्धा कर्टल’ म्हणजे नुसता घागरा. आखूडपणा अर्थातून कधीच गळून गेला.

कुर्त्याशी नातं सुचवणाऱ्यांनो, ती फांदी मी कापली आहे. कुर्ता आपल्याकडे फारसीतून आला, आणि उच्चार जुळला म्हणून गोत्र जुळत नाही. नातं हवंच असेल तर आपल्या कात्रीशी आहे. संस्कृत ‘कर्तरी’ आणि लॅटिन ‘कुर्तुस’ दोन्ही ‘कापणे’ अर्थाच्या एकाच मूळ धातूकडे जातात. शर्ट आणि स्कर्टही त्याच घराण्यातले.

पुढची नोंद ‘गाउन’वर ठरली होती, पण हे लिहिता लिहिता बेत बदलला. बॉसवर्थ-टोलरमध्येच सदऱ्यासाठी ‘केमेस’ दिसला, लॅटिन ‘कामिसिया’वरून आलेला. हीच ‘कामिसिया’ अरबी ‘कमीस’ होऊन आपल्याकडे कमीज म्हणून पोहोचली! इंग्रजीत ‘केमेस’ मेला, त्यामुळे त्याचा ‘क’ आज ऐकून तपासता येत नाही. पण ‘कान्तिया’ या लॅटिन नावाचं केंट (इंग्लंडातला परगणा) झालं, चेंट नाही. तोच क्रम ‘केमेस’ला लावून बघतो.