दारूची गाणी आणि आमचा धक्का

डब्लिनला राहायला आल्यापासून गावाहून फोन आला की एक प्रश्न ठरलेला: तिकडे लोक फार पितात ना रे? पितात. पण त्याहून जास्त गातात, आणि ते कोणी विचारत नाही. शनिवारी रात्री पबातला गिटारवाला ‘व्हिस्की इन द जार’ सुरू करतो आणि अख्खा पब टेबलं बडवायला लागतो.

ते मला पाठ निघालं म्हणून इथल्या ऑफिसातले लोक चाट पडले. आमच्या कोकणातल्या वेंगुर्ल्यात ते मेटॅलिका या रॉक बँडकडून आलं, १९९८च्या ‘गॅरेज इंक.’ अल्बममधून. मित्राचा मामा बोटीवर होता, त्याने कॅसेट आणली. कॉपीवरून कॉपी होत ती शिरोड्यापर्यंत फिरली, तोवर निम्मं गाणं आणि निम्मी खरखर उरली होती. संध्याकाळी बंदराच्या धक्क्यावर टेप लावून आम्ही घसा फाटेस्तोवर ओरडायचो. हातात लिंबू सोडा! उराक, म्हणजे काजूची दारू, कुठे मिळतो ते ठाऊक होतं, पण घरी कोण चुगली करील याचा नेम नव्हता.

शब्द कोणाच्या बापाला कळत नव्हते. इथे आल्यावर नीट ऐकलं. कॉर्क आणि केरीच्या डोंगरातला एक वाटमारा लष्करी कॅप्टनला लुटतो, पैसे प्रेयसीकडे नेतो आणि तीच त्याला पकडून देते. ही कथा मित्राला फोनवर सांगितली, तर म्हणतो, “मेल्या, मगे ह्येच्यात दारू खंय आसा?” खरंच, ध्रुवपद सोडलं तर नावापुरतीच. आणि त्या ध्रुवपदातही निम्मी अक्षरं बिनअर्थाची, नुसता ठेका. त्यामुळे चार पेले चढलेला आयरिश माणूस आणि इंग्रजीच्या पेपरात काठावर पास झालेलो आम्ही, दोघांनाही ते सारखंच जमतं. पिण्याच्या गाण्याचं खरं मर्म मला यातच दिसतं.

मूळचं हे आयरिश लोकगीत. डब्लिनच्या थिन लिझी या तिघांच्या बँडने ते १९७२ साली रॉकमध्ये आणलं. त्यांचा गायक फिल लिनॉट १९८६ साली, वयाच्या अवघ्या ३६व्या वर्षी गेला. व्यसनांनी शरीर पोखरलं होतं. हॅरी स्ट्रीटवर त्याचा पुतळा आहे. दुसरं उदाहरण याहून अंगावर येतं. एसी/डीसी या रॉक बँडचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८०मध्ये अतिमद्यपानाने मेला, आणि त्याच वर्षी जुलैत आलेल्या त्यांच्या ‘बॅक इन ब्लॅक’ अल्बममध्ये ‘हॅव अ ड्रिंक ऑन मी’ नावाचं गाणं आहे! धक्क्यावर तेही दणक्यात वाजायचं. आता ते लागलं की मी आवाज कमी करतो. म्हातारपण, दुसरं काय.

इथले लोक विचारतात, तुमच्याकडे पिताना काय गातात? मी त्यांना डबलबारीचा, म्हणजे आमच्याकडच्या भजनाच्या जुगलबंदीचा, व्हिडिओ दाखवतो. दोन बुवा एकमेकांना टोमणे मारतायत, पखवाज तापलाय, गजर चढलाय, कोरसवाले घामाघूम. हे सगळं चहा आणि उसळपावावर चालतं, यावर कोणाचा विश्वास बसत नाही. एकाने तर पेल्यात काय आहे ते बघायला व्हिडिओ मागे नेला.

चतुर्थीला गावी येतोय. ते आयरिश ध्रुवपद गजराच्या ठेक्यात बसतं का, हे पखवाजवाल्याकडून तपासून घ्यायचंय. बुवांना आधी सांगू नका.