जिन्यावरची नवरी

ओळखीच्या एका कुटुंबाने आपला जुना वाडा लग्नसमारंभांसाठी भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि वाड्याच्या इतिहासाचा फलक लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले. बांधकाम, मालकी, दुरुस्त्या हे सारे कागदपत्रांवरून जुळले. अडले ते जिन्यापाशी. लग्नाच्या आदल्या रात्री जिन्यावरून पडून मेलेली नवरी आजही तिथे फिरते, ही गोष्ट जागा बघायला येणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर जात होती, आणि ती फलकावर घ्यायची की नाही, यावर घरात एकमत होत नव्हते.

मी आधी फक्त ऐकायचे ठरवले. रखवालदार, झाडलोट करणाऱ्या बाई, सजावटीचे कारागीर, छायाचित्रकार आणि घरातल्या सर्वांत वयस्कर आजी यांना मी वेगवेगळे भेटले. ‘इथे भूत आहे का’ असे विचारले की उत्तरही भुताचेच येते. म्हणून ‘या जिन्याबद्दल काय ऐकले आहे आणि कोणाकडून’ एवढेच विचारत गेले. वहीच्या डाव्या पानावर गोष्ट सांगणाऱ्याच्याच शब्दांत उतरवली आणि उजव्या पानावर ती त्याच्यापर्यंत कशी पोहोचली ते लिहिले. उजवी पाने भरू लागली तेव्हा लक्षात आले की नवरीची गोष्ट सांगणारे सगळेच जण वाड्यात लग्ने होऊ लागल्यानंतर तिथे आलेले आहेत. आजींच्या आठवणीत नवरी नव्हतीच. “आम्ही लहानपणी जिन्याखालच्या खोलीतल्या बाईला भ्यायचो,” त्या म्हणाल्या, “तिचं बाळ रडतं म्हणायचे.”

त्या एका वाक्यामुळे मी घराच्या जमाखर्चाच्या जुन्या वह्या पुन्हा उघडल्या. वाळवीने कडा खाल्लेल्या एका पानावर सुईणीला दिलेले पैसे, दोन दिवसांनी औषधाचा खर्च आणि त्याखाली, त्याच शाईत, घरकाम करणाऱ्या एका बाईचे नाव व ‘मयत’ हा शब्द होता. पुढच्या पानावर मूल तिच्या बहिणीच्या हवाली केल्याची नोंद होती. मृत्यूच्या नोंदींत आणि घराण्याच्या वंशावळीत जिन्यावरून पडून गेलेली नवरी मात्र कुठेही सापडली नाही.

असे इतरत्रही घडलेले आहे. अमेरिकेत लुइझियानामधील मर्टल्स या जुन्या मळ्यावरच्या घरात आज पाहुणे राहतात आणि लग्नेही होतात. तिथे क्लोई नावाच्या गुलाम स्त्रीने मालकिणीला आणि मुलांना विषारी केक खाऊ घातल्याची गोष्ट सांगतात. जुन्या नोंदींत क्लोई सापडत नाही, आणि विषाने मेली म्हणून सांगितलेली आई व मुले 1823 आणि 1824 मध्ये पीतज्वराने गेल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. शनिवारवाड्याचे याच्या उलट आहे. ‘काका, मला वाचवा’ ही हाक आजही ऐकू येते असे लोक सांगतात, पण नारायणराव पेशव्यांचा खून 30 ऑगस्ट 1773 रोजी खरोखर झाला होता. एका आख्यायिकेने खरा मृत्यू जपला, तर दुसरीने खऱ्या मृत्यूंवर रचलेली कहाणी चढवली. आमच्या जिन्यावर हा दुसरा प्रकार घडत होता, आणि त्याचे मला फार वाईट वाटले, कारण झाकली जात होती ती मुळातच कोणाच्या खिजगणतीत नसलेली बाई.

रात्री जिन्यावर नवरीची पावले वाजतात असेही सांगत; त्या आवाजाचाही छडा लावणे भाग होते. इंग्लंडमध्ये विक टँडी या अभियंत्याला प्रयोगशाळेत नजरेच्या कडेला राखाडी आकृती दिसली होती; नव्याने बसवलेल्या पंख्यामुळे तयार होणारी, सुमारे 19 हर्ट्झची, कानाला ऐकू न येणारी ध्वनिलहर हे त्याचे कारण असावे, असे त्याने 1998 मध्ये एका सहकाऱ्यासह मांडले. ते वाचलेले असल्यामुळे मी एका समारंभानंतर दिवे मालवल्यावर रखवालदारांसोबत जिन्याच्या तळाशी बसून राहिले. अर्ध्या तासाने वरच्या पायरीचे लाकूड टकटकले, मग तिच्या खालचे, मग आणखी खालचे. आवाज ऐकताना माझ्याही अंगावर काटा आला. दिवसभर शेकडो माणसांच्या वजनाने दबलेल्या आणि दिव्यांच्या उष्णतेने तापलेल्या फळ्या रात्री निवताना आपल्या जागी येत असाव्यात. समारंभ नसलेल्या दोन रात्री आम्ही तसेच बसलो, तेव्हा जिना गप्प होता.

फलकाच्या मसुद्यात मी नवरीची गोष्ट गाळली नाही. ती अलीकडची आख्यायिका आहे असे स्पष्ट लिहिले आणि त्याखाली वहीतली नोंद दिली. मसुदा आजींना वाचून दाखवला, तेव्हा ‘घरकाम करणारी एक स्त्री’ या शब्दांपाशी त्यांनी मला थांबवले आणि नाव सापडले आहे तर ते का लिहिले नाही, असे विचारले. त्या बाईच्या बहिणीच्या घरच्यांचा ठावठिकाणा आजींनाच माहीत होता. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी त्यांची परवानगी घ्यायला गेलो, आणि आता फलकावर त्या ठिकाणी नाव आहे.